दहा की वीस? कोकण किनाऱ्यावरच्या हिरव्या शेवाळांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणात एका खाडीच्या मुखाशी असलेल्या महाविद्यालयातली ही हकिगत आहे. गाव, महाविद्यालय आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत.

वनस्पतिशास्त्र विभाग लहान, पण त्याच्याकडे समुद्रशैवालांचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, चांगलं आहे. आधीच्या शिक्षकांनी सुकतीच्या वेळी कातळावर उतरून शेवाळ गोळा केलं, जाड कागदावर पसरून दाबलं आणि नावं लिहून ठेवलं. हिरव्या शेवाळांच्या कप्प्यात चार नावं पुन्हा पुन्हा येतात: उल्वा लॅक्टुका, उल्वा फॅसिआटा, एन्टेरोमॉर्फा इन्टेस्टिनॅलिस आणि एन्टेरोमॉर्फा फ्लेक्सुओसा. पहिली दोन पसरट, पातळ, पेशींचे दोनच थर असलेली. पुढची दोन पोकळ नळीसारखी, भिंतीत पेशींचा एकच थर. ही नावं आपल्याकडे रुजली त्यामागे डॅनिश शैवालशास्त्रज्ञ बॉर्गेसन यांचं काम मोठं आहे. त्यांनी १९३०च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि पुढच्या कित्येक याद्या त्यांच्या आधाराने तयार झाल्या.

या विभागातल्या एका विद्यार्थिनीने पीएचडीसाठी विषय घेतला: किनाऱ्यावरच्या हरित शैवालांची गुणसूत्रं आणि त्यांचे आनुवंशिक संबंध. विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने, म्हणजे आरआरसीने, तो मंजूर केला. तिच्या मार्गदर्शक मॅडमची कारकीर्द फुलझाडांच्या पेशीविज्ञानात गेलेली. कांद्याच्या मुळाच्या टोकावर गुणसूत्रं दाखवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. कामाची प्रगती दर सहामाहीला पाहणाऱ्या समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं.

आराखड्यामागे एक विचार होता आणि तो फुलझाडांतून आलेला होता. गव्हात १४, २८ आणि ४२ गुणसूत्रांच्या जाती आहेत. त्या आकड्यांवरून कोण कोणाच्या संकरातून आणि गुणनातून (गुणसूत्रांचे संच वाढण्यातून) आलं याची दिशा लागते. तेव्हा शेवाळांतही आकडा सारखा तर नातं जवळचं, आकडा वेगळा तर नातं दूरचं, असं धरून सगळी आखणी झाली होती. आराखड्यात हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर प्रश्नही कोणी विचारला नाही. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघाल्या.

पहिली अडचण: विभाजनच दिसेना

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला संकलन सुरू झालं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालेलं आहे आणि तिथे शेवाळ काढायला वनविभागाची परवानगी लागते. म्हणून जागा अभयारण्याबाहेरच्या निवडल्या. एक उघडा कातळ, त्यातली डबकी, आणि खाडीच्या तोंडाशी जिथे गोड्या पाण्याचा झरा उतरतो ती जागा.

कातळावरच नमुने फिक्स केले, म्हणजे पेशी होत्या त्या अवस्थेत थांबवल्या: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. प्रयोगशाळेत लोहयुक्त ॲसिटो-कार्माइनने रंगवले, कव्हरस्लिप दाबली. आणि स्लाइडमागून स्लाइड रिकामी. केंद्रकं दिसत होती, रंगही घेत होती, पण विभाजनाच्या अवस्थेतली पेशी हाताला लागत नव्हती. तीव्रता बदलून झाली, विभाजन मध्येच थांबवणारं कोल्चिसिन देऊन झालं. कोल्चिसिन शेवाळांत नेहमी साथ देत नाही, इथेही दिली नाही. मोठ्या ओहोट्या मोजक्याच दिवस मिळतात आणि पावसाळ्यात कातळावर उतरता येत नाही, त्यामुळे जवळजवळ एक हंगाम यात गेला.

कारण वेळेचं होतं. मोठ्या ओहोटीला उतरायचं ते दिवसाउजेडी, आणि नमुने त्याच वेळी फिक्स व्हायचे. समुद्री हिरव्या शेवाळांत पेशीविभाजन दिवस-रात्रीच्या चक्राला बांधलेलं असतं आणि ते बहुधा अंधाराच्या तासांत होतं. उजेडात तोडलेला तुकडा प्रकाशसंश्लेषणात गुंतलेला असतो. कांद्याचं मूळसुद्धा ठरावीक वेळेला तोडलं तर चांगलं विभाजन देतं, हे मॅडमना उत्तम माहीत होतं. शेवाळ मात्र भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर तोडायचं असतं, त्यामुळे घड्याळाचा मुद्दा बाजूला राहिला.

इथे पहिला खरा निर्णय झाला: फिक्सिंग किनाऱ्यावर करायचं नाही. जिवंत तुकडे गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात आणायचे, बारा तास प्रकाश आणि बारा तास अंधार अशा कपाटात वाढवायचे आणि अंधार सुरू झाल्यावर दर दोन तासांनी थोडे थोडे फिक्स करायचे. हे सांगायला सोपं आहे. करताना रात्र रात्र प्रयोगशाळा उघडी ठेवायला लागली आणि त्यासाठी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यायला लागली.

वाढवणंही सरळ गेलं नाही. डायॅटम (एकपेशीय सूक्ष्म शैवालं) वाढून तुकडे झाकले जाऊ लागले, तेव्हा पाण्यात जर्मेनियम डायऑक्साइड घालायला सुरुवात झाली; त्याने डायॅटमला आळा बसतो. मग आणखी स्वच्छता हवी म्हणून विद्यार्थिनीने काही ताटल्यांत प्रतिजैविकं टाकली. त्या ताटल्यांतल्या कोवळ्या रोपट्यांची पानं झालीच नाहीत, नळ्याही झाल्या नाहीत. बेढब गोळे झाले. उल्वाला आपला आकार घडवायला सोबतचे जीवाणू लागतात, हे आज पक्कं माहीत आहे. रोझिओव्हेरियस आणि मॅरिबॅक्टर या प्रजातींतल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जीवाणूंची जोडी दिली तर जीवाणूविरहित उल्वाची वाढ पुन्हा नीट होते, असं जर्मनीतल्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा प्रतिजैविकं बंद झाली. त्या गोळ्यांचे फोटो मात्र तिने प्रबंधात ठेवले, आणि मला ते फार योग्य वाटलं. हर्बेरियममध्ये आपण ज्या आकारावरून नाव ठरवतो, त्या आकारात जीवाणूंचाही हात आहे, हे त्या एका फोटोत कळतं.

दुसरी अडचण: दहा आणि वीस

रात्रीच्या फिक्सिंगने गुणसूत्रं दिसू लागली. उल्वाची गुणसूत्रं अतिशय लहान असतात, बरीचशी एक मायक्रोमीटरच्या आसपास. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची वेगळं दाखवण्याची मर्यादा साधारण ०.२ मायक्रोमीटर. म्हणजे ठिपके मोजता येतात. त्यांची भुजा, त्यांचा मध्यभाग यांविषयी बोलणं धाडसाचं ठरतं. बहुतेक चांगल्या पेशींत दहा ठिपके येत होते, काहींत नऊ किंवा अकरा, कारण एखादा दुसऱ्याखाली दडतो किंवा एखाद्याचे दोन भाग आधीच सुटलेले असतात. उल्वाच्या एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, पेशीत दहा किंवा त्याच्या आसपास गुणसूत्रं, अशाच बहुतेक जुन्या नोंदी आहेत. इथवर सगळं जुळत होतं.

मग एका पसरट नमुन्यात वीस आले. पुन्हा मोजले, वीसच. त्याच कातळावरच्या, दिसायला हुबेहूब तशाच दुसऱ्या नमुन्यात दहा.

विद्यार्थिनीला आनंद झाला आणि तो समजण्यासारखा होता. आराखड्यातल्या विचाराप्रमाणे हा शोधच होता: एकाच कातळावर दुप्पट गुणसूत्रांचा वेगळा गट, कदाचित वेगळी जात. एका परिसंवादासाठी तिने लेखाचा मसुदाही केला. मॅडमनी तो समितीपुढे ठेवला.

या मसुद्यावर समितीत जी चर्चा झाली ती या प्रकरणाचा गाभा आहे. उल्वाच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक एकगुणित, युग्मकं (एकमेकांत मिसळणाऱ्या लिंगपेशी) तयार करणारी. दुसरी द्विगुणित, म्हणजे दोन संचांची, गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनातून चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) सोडणारी. आणि या दोन पिढ्या बाहेरून तंतोतंत सारख्या दिसतात. नेच्याचं मोठं झाड आणि त्याचा नखाएवढा युग्मकोद्भिद, म्हणजे युग्मकं देणारी पिढी, यांत कोणाची गल्लत होणार नाही. उल्वात मात्र दहा गुणसूत्रांचं पान आणि वीस गुणसूत्रांचं पान शेजारी ठेवलं तर डोळ्याला फरक कळत नाही. नॉर्वेच्या बियॉर्न फ्यॉयन यांनी क्लॅडोफोरा (तंतूंसारखं हिरवं शेवाळ) आणि उल्वा यांतल्या या पिढ्यांच्या आलटापालटीवर १९२९मध्येच लिहिलं होतं. म्हणजे वीस हा आकडा नव्या जातीचा असण्यापेक्षा त्याच जातीच्या दुसऱ्या पिढीचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

बैठकीत मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विद्यार्थिनीकडे वळून म्हणाल्या, "अगं, मग आपण मोजलेल्या प्रत्येक पानाची पिढी कोणती, ते आपल्याला माहीत आहे का?" माहीत नव्हती. नोंदवहीत जागा, तारीख, रंग, लांबी, सगळं होतं. पिढीचा रकाना नव्हता.

समोरचे पर्याय

परिसंवादाचा मसुदा मागे घ्यायचा, यावर फारसा वाद झाला नाही. पुढे काय करायचं यावर झाला.

एक मत असं होतं की जे आकडे हाती आहेत ते पिढीची शंका नोंदवून तसेच द्यावेत. कोकण किनाऱ्यावरच्या नमुन्यांचे आकडे म्हणून त्यांना किंमत आहेच, आणि पीएचडीची मुदत पुढे सरकत होती. या मताला मी विरोध केला. आकडे खरे असले तरी विषयाच्या शीर्षकात ‘आनुवंशिक संबंध’ होते आणि दहा विरुद्ध दहा यातून संबंध काहीच निघत नाहीत. चारही आकारांत एकगुणित आकडा दहाच येणार असेल, तर तो आकडा या चौघांना एकमेकांपासून वेगळं करू शकत नाही आणि जवळही आणू शकत नाही.

दुसरा पर्याय गुणसूत्रांचे आकार मोजून कॅरिओटाइप, म्हणजे त्यांचा आकारवार तक्ता, करण्याचा. कांद्यात हे सुंदर होतं. इथे ठिपक्यांच्या आकाराचं मोजमाप म्हणजे रंगाचा गडदपणा आणि कव्हरस्लिपवरचा दाब यांचं मोजमाप झालं असतं. तो लगेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय केंद्रकातल्या डीएनएचं प्रमाण मोजण्याचा. अमेरिकेत डॉनल्ड कॅप्रॉन यांनी हे काम वर्षानुवर्षं समुद्री शेवाळांवर केलं: केंद्रकाला प्रतिदीप्त रंग द्यायचा आणि उजेड किती परत येतो ते मोजायचं. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचं प्रमाण ही दोन्ही एकत्र ठेवली की बहुगुणन खरंच झालं आहे का ते कळतं. ज्या गटांत गुणसूत्रं मोजणंच अवघड, तिथे ही पद्धत फार उपयोगी आहे. कॉलेर्पा या हिरव्या समुद्रशैवालाचं उदाहरण घ्या. सगळी वनस्पती म्हणजे भिंतींविना वाढलेली एकच प्रचंड नळी, आत असंख्य बारीक केंद्रकं, आणि जीनोम इतका छोटा की कॉलेर्पा लेंटिलिफेराचा २०१९मध्ये वाचला गेला तेव्हा तो सुमारे २.६ कोटी बेस-जोड्यांचा निघाला. अशा केंद्रकातली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं म्हणजे हालच. पण आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न कॉलेर्पाचा नव्हता, आणि डीएनएचं प्रमाणही पिढीप्रमाणे दुप्पट-निम्मं होणारच होतं.

चौथा पर्याय डीएनएचा क्रम वाचण्याचा. मॅडमना तो सुरुवातीला नको होता. त्यांचं म्हणणं असं की विषय गुणसूत्रांचा आहे, क्रम बाहेरच्या प्रयोगशाळेकडून वाचून आणायचे तर त्यात विद्यार्थिनीचं स्वतःचं काम काय? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटला आणि अजूनही वाटतो. छोट्या महाविद्यालयांत कुरियरने नमुने पाठवायचे आणि ईमेलने नात्यांचं झाड (वंशवृक्ष) परत घ्यायचं, असं काम वाढलं आहे, आणि त्यात हाताचं कौशल्य हरवतं.

पाचवा पर्याय संकर करून पाहण्याचा होता: दोन नमुन्यांची युग्मकं एकत्र आणायची, फलन होतं का, पुढची पिढी सुपीक निघते का ते बघायचं. जातीची सीमा तपासायला याहून थेट कसोटी नाही. पण शुद्ध नर-मादी वाण हाताशी ठेवायला लागतात आणि वेळ खूप जातो. तो पुढच्या कामासाठी राखून ठेवला.

काय ठरलं आणि काय केलं

ठरलं ते असं: प्रश्नाचे दोन भाग करायचे. पिढी कोणती आणि गुणन झालं आहे का, याचं उत्तर गुणसूत्रांकडून घ्यायचं. कोण कोणाच्या जवळ, याचं उत्तर डीएनएच्या क्रमाकडून. आणि दोन्ही उत्तरं एकाच थॅलसमधून, म्हणजे शेवाळाच्या एकाच अख्ख्या शरीरातून, यायला हवीत. प्रत्येक थॅलसचे तीन भाग: एक हर्बेरियमच्या कागदावर, एक सिलिका जेलमध्ये सुकवून डीएनएसाठी, एक जिवंत कपाटात. तिन्हींना एकच क्रमांक. विभागात फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या बाटल्या भरपूर होत्या, पण फॉर्मॅलिनमधला डीएनए अशा कामाला सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून नवं संकलन करणं भाग होतं.

पिढी ओळखायला शेवाळालाच बोलतं केलं. पक्व पानाचे बारीक तुकडे करून, धुऊन, ताज्या पाण्यात टाकले की दोन-तीन दिवसांत पेशी जननपेशींत बदलतात आणि सकाळचा उजेड पडला की त्या बाहेर पडतात. त्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं: दोन कशाभिका (पोहायचे शेपटीसारखे तंतू) असतील तर बहुधा युग्मक, चार असतील तर चलबीजाणू. युग्मकं उजेडाकडे धावतात, चलबीजाणू बहुधा उजेडापासून दूर जातात. विद्यार्थिनीने पहिल्यांदा ताटलीच्या खिडकीकडच्या कडेला जमलेली हिरवी रेघ पाहिली तेव्हा मॅडमना वर्गातून बोलावून आणलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरेसं नव्हतं. काही उल्वांत निव्वळ अलैंगिक वाण असतात, ज्यांच्या चलपेशी कशाभिकांवरून फसवतात. शिवाय दुसऱ्याशी न मिळालेलं युग्मक एकटंच रुजून रोप होऊ शकतं, आणि त्यातलं एखादं स्वतःची गुणसूत्रं दुप्पट करून द्विगुणितही होतं. म्हणून खरी कसोटी अपत्यांची ठेवली. वीस गुणसूत्रांच्या पानाने सोडलेले चार कशाभिकांचे बीजाणू वेगळे रुजवायचे आणि त्या रोपांच्या पेशींत मोजायचं. तो थॅलस द्विगुणित पिढीचा असेल तर अपत्यांत दहा यायला हवेत. तो दुप्पट गुणसूत्रांचा वेगळा गट असेल तर हा हिशेब जुळणार नाही.

या कसोटीचा दुसरा फायदा कोणाच्या ध्यानात आला नव्हता. काही दिवसांची रोपं म्हणजे मोजक्या पेशींचे तंतू, भराभर विभागणारे, स्टार्च कमी, हरितलवकाचा अडथळा कमी. मोठ्या पानात जी गुणसूत्रं महत्प्रयासाने दिसत होती, ती इथे स्वच्छ पसरलेली मिळाली. प्रबंधातले सगळे चांगले फोटो याच रोपांचे आहेत.

डीएनएसाठी केंद्रकातला आयटीएस आणि हरितलवकातले आरबीसीएल व टफए हे भाग निवडले. हिरव्या समुद्रशैवालांना ओळखपट्टी म्हणून टफए चांगलं चालतं, मात्र क्लॅडोफोराच्या कुळात प्रयोगशाळेत त्याच्या प्रती नीट काढता येत नाहीत. टफए जीवाणूंतही असतं, आणि उल्वावर जीवाणू असायचेच, त्यामुळे मिळालेला क्रम शेवाळाचाच आहे ना हे प्रत्येक वेळी तपासायला लागलं. डीएनए काढणं विद्यार्थिनी स्वतः शिकली. उल्वातल्या चिकट शर्करांमुळे ते किचकट आहे. फक्त क्रमवाचन बाहेर दिलं, तेही भारतातल्याच प्रयोगशाळेला; २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुने परदेशी संस्थेकडे द्यायचे तर राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि तेवढा वेळ नव्हता. मॅडमचा आक्षेप अशा रीतीने बराचसा सुटला.

काय निघालं

वीस गुणसूत्रांच्या पानाच्या अपत्यांत दहा आले. वेगळी जात, वेगळा गट काही नव्हता. तीच जात, दुसरी पिढी. नळीच्या नमुन्यांतही दहा आणि वीस दोन्ही मिळाले आणि तिथेही पिढीचा हिशेब बसला. प्रबंधात आकडा देताना किती पेशी मोजल्या, किती पेशींत नऊ किंवा अकरा दिसले, तेही तक्त्यात दिलं. माझ्या मते हा त्या प्रबंधातला सर्वात प्रामाणिक तक्ता आहे.

डीएनएच्या क्रमांनी मात्र हर्बेरियमची मांडणी हलवली. लॅक्टुका आणि फॅसिआटा या दोन नावांखाली येणारे पसरट नमुने एकाच गटात पडले, त्यांच्यात वेगळेपणा निघाला नाही. याला बाहेरूनही आधार होता. लिनिअसने १७५३मध्ये उल्वा लॅक्टुका हे नाव दिलं तेव्हाचा मूळ नमुना जपलेला आहे. त्याच्या डीएनएचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो नमुना उष्ण पाण्यातल्या, आजवर फॅसिआटा म्हटल्या जाणाऱ्या जातीचा निघाला. फॅसिआटा हे नाव १८१३मध्ये अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावरच्या शेवाळाला दिलेलं. जुनं नाव लॅक्टुका, म्हणून तेच टिकतं. उत्तर युरोपच्या थंड पाण्यातल्या ज्या शेवाळाला दोन शतकं लॅक्टुका म्हटलं गेलं, त्याला आता फेनेस्ट्राटा म्हणतात. म्हणजे आपल्या कातळावरचं पसरट शेवाळ हेच खरं लॅक्टुका.

नळीवाल्यांची गोष्ट मला अधिक आवडली. डबक्यातली बिनफांद्यांची नळी आणि झऱ्याजवळची फांद्याफांद्यांची नळी हर्बेरियममध्ये दोन जाती म्हणून ठेवलेल्या होत्या. त्यांतले बहुतेक नमुने एकाच जातीचे निघाले, फ्लेक्सुओसाच्या गटातले. संकलनाच्या दिवसांत कालवं काढायला येणाऱ्या एका मावशींनी हे आधीच सांगितलं होतं: "गोडा पाणी लागला की ह्या असाच झिपरा होता." विद्यार्थिनीने ते वहीत लिहून ठेवलं होतं. खारेपणा कमी झाला की नळीच्या उल्वांना फांद्या फुटतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. झऱ्याजवळचा आणखी एक नमुना मात्र कोणत्याही खात्रीच्या नोंदीशी जुळला नाही. डीएनए क्रमांच्या सार्वजनिक डेटाबँकेत उल्वाच्या कितीतरी नोंदी चुकीच्या नावाने चढवलेल्या आहेत, म्हणून जवळच्या नोंदीचं नाव उचलून चिकटवायचा मोह टाळला आणि ‘उल्वा, जात अनिश्चित’ एवढंच लिहिलं.

एन्टेरोमॉर्फा हे नाव प्रबंधातून गेलं. पसरट ती उल्वा आणि नळी ती एन्टेरोमॉर्फा ही विभागणी डीएनएला मान्य नाही. पानाचे आणि नळीचे आकार या घराण्यात अनेकदा अदलाबदल झाले आहेत. २००३मध्ये हेडन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दोन्ही प्रजाती उल्वात एकत्र केल्या. २००८मध्ये चीनमधल्या चिंगदाओला ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींआधी जी शेवाळाची प्रचंड हिरवी भरती किनाऱ्यावर आली, तिचं शेवाळही पहिल्या बातम्यांत एन्टेरोमॉर्फा प्रोलिफेरा होतं आणि आज उल्वा प्रोलिफेरा आहे. नामांतर पटायला जड जातं हे खरं, पण किनाऱ्यावरच्या याद्या अजूनही दोन प्रजाती मोजत राहिल्या तर जातींची संख्या फुगलेली राहते.

शीर्षक बदलण्यासाठी आरआरसीकडे पुन्हा जावं लागलं. प्रश्न विचारले गेले, पण दोन भागांची मांडणी समोर ठेवल्यावर बदल मंजूर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी नोंदवहीत पिढीचा रकाना असता तर वीसचा आकडा आला त्याच आठवड्यात उलगडा झाला असता. हे मी विद्यार्थिनीवर ढकलत नाही. आराखडा मंजूर करणाऱ्यांपैकी कोणीही जीवनचक्र विचारलं नाही.

दुसरं, सुरुवात उल्वाऐवजी क्लॅडोफोरापासून करता आली असती. तिथे गुणसूत्रांचा आकडा बोलतो. १२, १८, २४ असे सहाच्या पटीतले आकडे वारंवार मिळतात आणि बहुगुणन हा त्या प्रजातीच्या इतिहासाचा भाग आहे. अर्थात तिथेही १२ आणि २४ एकाच जातीच्या दोन पिढ्या असू शकतात, त्यामुळे पिढीची कसोटी तिथेही आधी. पण ती लावल्यावर उरणारा फरक नात्याविषयी काही सांगतो. उल्वात तो उरतच नाही. गुणसूत्रांचा अभ्यास कोणत्या गटात करायचा हे त्या गटाच्या जुन्या नोंदी वाचून ठरवायला हवं होतं, आणि त्या उपलब्ध होत्या.

तिसरं, संकराचे प्रयोग. एकाच गटात पडलेल्या लॅक्टुका आणि फॅसिआटा या आकारांची युग्मकं एकमेकांशी मिळतात का, हे दाखवता आलं असतं तर डीएनएच्या निष्कर्षाला जिवंत पुरावा मिळाला असता. याची ताकद दाखवणारं उदाहरण आहेच. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून फ्यॉयन यांनी आणलेलं आणि उल्वा म्युटॅबिलिस या नावाने प्रयोगशाळांत वाढलेलं शेवाळ. २०१८मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम त्याच नावाने प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ते उल्वा कॉम्प्रेसाशी संकरक्षम आणि डीएनएनेही तेच असल्याचं दाखवलं गेलं. जीनोम वाचून झाल्यावरही जातीचं नाव ठरायला ताटलीतली युग्मकं लागली.

आणि एक जुन्या हर्बेरियमविषयी. नवी नावं कळल्यावर विभागातल्या एका सहकाऱ्याने जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लावायला घेतल्या होत्या. मॅडमनी ते थांबवलं. आता प्रत्येक कागदावर जुनी चिठ्ठी तशीच आहे, तिच्याखाली नवी चिठ्ठी आहे, आणि नव्या चिठ्ठीवर नाव कशावरून बदललं ते लिहिलं आहे: आकारावरून, की त्याच जागच्या नव्या नमुन्याच्या डीएनएवरून. क्लॅडोफोराचा कप्पा अजून तसाच आहे. त्यावर काम करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याच्या वहीत पिढीचा रकाना पहिल्या पानापासून आहे, आणि तो भरल्याशिवाय मॅडम स्लाइड मोजू देत नाहीत.